एकाच सतरंजीवर : पाळणाघर निवडणाऱ्या पालकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात या सदरातून पाळणाघरांविषयीचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत एकच चिंता वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा दिसली : दिव्यांग मूल आणि इतर मुले एकाच पाळणाघरात सुखाने राहू शकतात का, आणि तशी जागा ओळखायची कशी? म्हणून हा संपूर्ण अंक त्याच विषयाला दिला आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून मुलांची नावे काढली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. तिला डाउन सिंड्रोम आहे. ती नऊ महिन्यांची असताना हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि आता तिची प्रकृती चांगली आहे. ती आधाराशिवाय चालू लागली आहे. चार-पाच शब्द बोलते, पण सांगितलेले बरेच समजते. दोन महिन्यांनी मला नोकरीवर परत जायचे आहे. आम्ही घराजवळची तीन पाळणाघरे संध्याकाळी जाऊन पाहिली. पहिल्याच्या दारावर ‘समावेशक’ अशी पाटी आहे, तिथे थेरपीची वेगळी खोली आणि कॅमेरेही आहेत. दुसऱ्या ठिकाणी सांगितले, “घेऊ, पण तिच्यासाठी वेगळी बाई तुम्ही द्या.” तिसरे पाळणाघर एक काकू आपल्या राहत्या घरी चालवतात. त्यांच्याकडे आठ मुले आणि एक मदतनीस मावशी आहेत. त्यांचे विशेष प्रशिक्षण झालेले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “घेऊन या, दोन-चार दिवस बसा, बघू कसे जमते.” घरच्यांचा कल पहिल्याकडे आहे. काय करावे?
— एक आई, कोथरूड, पुणे

उत्तर : पाळणाघर संध्याकाळी पाहिल्यावर फारसे काही कळत नाही. त्या वेळी मुले तोंड धुऊन, पावडर लावून आई-बाबांची वाट पाहत बसलेली असतात. तुम्ही तिन्ही ठिकाणी परवानगी घेऊन सकाळी साडेअकरा ते दीड या वेळात जा आणि एका कोपऱ्यात गप्प बसून पाहा. हात धुणे, जेवण, सांडलेले पुसणे, शी-शू, कपडे बदलणे, अंथरुणे घालणे आणि एकेकाला झोपवणे हे सारे त्याच दोन तासांत उरकायचे असते. माणसे दमलेली असतात, दोन मुले एकदम रडत असतात आणि कुकरची शिट्टी होत असते. अशा वेळी सावकाश जेवणाऱ्या मुलाच्या वाट्याला काय येते, ते पाहावे. एवढा वेळ बसू देण्यास जे पाळणाघर तयार नसेल, ते माझ्या मते यादीतून काढून टाकावे.

नेमके काय पाहायचे, ते एका प्रसंगावरून सांगते. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका घरगुती पाळणाघरात बसले होते. मावशी मटार सोलत होत्या आणि मुले भोवती गोल करून बसली होती. त्यांतल्या एका मुलाचा उजवा हात अशक्त होता. त्याने दाणे टाकायला हात पुढे केला की स्टीलची वाटी पुढे सरकायची आणि दाणे जमिनीवर सांडायचे. मावशींनी काही न बोलता एक फडके ओले करून पिळले, जमिनीवर पसरले आणि वाटी त्यावर ठेवली. वाटी जागेवर राहिली, त्या मुलाचे दाणे वाटीत पडू लागले आणि शेजारच्या मुलीने आपल्या वाटीसाठीही फडके मागितले. त्या मावशींनी ‘समावेशन’ हा शब्द कधी उच्चारला असेल असे मला वाटत नाही, पण ती गोष्ट त्यांनी अर्ध्या मिनिटात केली होती.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यात समावेशक शिक्षणाची जी व्याख्या आहे तिचे दोन भाग आहेत. दिव्यांग आणि इतर मुले एकत्र शिकतात, हा पहिला. शिकवण्याची पद्धत वेगवेगळ्या प्रकारच्या दिव्यांग मुलांच्या गरजांनुसार बदललेली असते, हा दुसरा. आपल्याकडे अनेक ठिकाणी पहिल्या भागावरच थांबले जाते. मूल त्याच खोलीत असते, पण गाणी चालू असताना ते खिडकीशी एकटे बसलेले असते. ही चूक मीही केली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी, स्नेहसंमेलनाच्या तालमीत, चालायला वेळ लागणाऱ्या एका मुलीला मी हातात बाहुली देऊन बाकावर बसवले होते, ती थकू नये म्हणून. तालीम संपेपर्यंत ती बसल्या जागी हातांनी तो सगळा नाच करत होती, हे मला तिच्या आजीने दाखवून दिले. ती गोष्ट मी अजून विसरलेले नाही.

आता तुमच्या तीन जागांविषयी. पहिल्या ठिकाणची थेरपीची खोली ही चांगली सोय असू शकते, मात्र काही गोष्टी विचारून घ्या. मुलांना त्या खोलीत कोणत्या वेळी नेतात? बडबडगीते, मातीकाम किंवा अंगणातला खेळ चालू असताना नेत असतील, तर ज्या तासासाठी तुम्ही तिला तिथे घालणार, नेमका तोच तास तिला मिळणार नाही. तिथल्या विशेष शिक्षिकेची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, तेही विचारा. नोंदणी क्रमांक सांगताना कोणाला संकोच वाटण्याचे कारण नाही. शिवाय दिव्यांग मुले सध्या किती आहेत, गेल्या वर्षी किती होती, जी सोडून गेली ती कशासाठी गेली आणि त्यांपैकी एखाद्या पालकाशी बोलता येईल का, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून दारावरच्या पाटीची किंमत कळते.

दुसऱ्या ठिकाणची ‘वेगळी बाई’ची अट मला खटकते. काही मुलांना सुरुवातीचे आठवडे किंवा कायमही एका माणसाचा आधार लागतो, हे खरे आहे. परंतु तुम्ही वर्णन केलेल्या मुलीला तसा आधार लागेल असे वाटत नाही. चोवीस तास चिकटलेल्या बाईमुळे होते असे की इतर मुले मुलीशी बोलण्याऐवजी बाईशी बोलतात, ताई तिच्याकडे पाहणे सोडून देतात आणि चार महिन्यांनी ती मुलगी त्या खोलीतली पाहुणी होऊन बसते. माणूस वाढवायचेच असेल, तर ते पाळणाघराने सगळ्यांसाठी वाढवावे.

तिसऱ्या ठिकाणच्या काकूंचे “दोन-चार दिवस बसा, बघू” हे वाक्य मला तिन्ही उत्तरांत सर्वांत प्रामाणिक वाटले. आठ मुलांना दोन मोठी माणसे हे प्रमाणही चांगले आहे. प्रशिक्षण नाही, ही उणीव भरून काढता येते, कारण या वयात तुमच्या मुलीला ज्या विशेष गोष्टी लागतील त्या एका कागदावर मावतात. तो कागद तुम्ही तिच्या बालरोगतज्ज्ञांना आणि थेरपिस्टना विचारून तयार करा. डाउन सिंड्रोममध्ये स्नायू आणि सांधे सैल असतात, म्हणून तिला दोन्ही हात धरून लोंबकळत उचलू नये, काखेत हात घालून उचलावे. काही मुलांत मानेचे पहिले दोन मणके अधिक हलते असतात, त्यामुळे डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय कोलांटउड्या नकोत. सर्दीनंतर कानात द्रव साठून ऐकू कमी येण्याची शक्यता असते, म्हणून ती एकदम ‘ऐकेनाशी’ झाली तर हट्टी ठरवण्याआधी कान तपासून घ्यावेत. चघळायला वेळ लागतो, म्हणून घास लहान द्यावेत. फुटाणे, शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षे तर या वयाच्या कोणत्याच मुलाला देऊ नयेत.

बोलण्याविषयी थोडे अधिक लिहिते. या मुलांची समज बहुधा बोलण्याच्या पुढे धावत असते आणि सांगता न आल्यामुळे ती चिडतात. ‘पाणी’, ‘अजून’, ‘झाले’, ‘नको’ आणि ‘शू’ या पाच गोष्टींच्या हाताच्या खुणा ठरवा आणि त्या पाळणाघरातल्या सगळ्या मुलांना शिकवा. खुणांमुळे बोलणे मागे पडते अशी भीती अनेकांना वाटते, पण मी नेहमी उलटेच पाहिले आहे. आणि दोन वर्षांची इतर मुले तर त्या खुणा मोठ्यांपेक्षा लवकर उचलतात.

काकूंकडे आणखी दोन गोष्टींची खात्री करून घ्या. त्या आजारी पडल्या तर मुलांकडे कोण पाहते? आणि घरात येणारी-जाणारी माणसे कोण आहेत? ही चौकशी प्रत्येक मुलाच्या पालकांनी करायला हवी. दोन महिने हातात आहेत, म्हणून आत्ताच सुरुवात करा : पहिले काही दिवस तुम्ही सोबत बसा, मग तास-दीड तास तिला ठेवून या, मग जेवणापर्यंत आणि त्यानंतर झोपेपर्यंत.

प्रश्न : आमचा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याच्या डे-केअरमध्ये दिवाळीनंतर स्वमग्नता असलेला एक मुलगा आला. तो अधूनमधून मोठ्याने ओरडतो, धक्का देतो. एकदा त्याने एका मुलीच्या दंडाला चावले. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘त्याला वेगळ्या शाळेत पाठवा, नाहीतर आम्ही आपली मुले काढू’ असे पत्र तयार होत आहे. मला ते पटत नाही, पण माझा मुलगा त्याचे अनुकरण करेल, मागे पडेल, अशी भीतीही वाटते. सही करावी का?
— एक वडील, ठाणे

उत्तर : सही करू नका. तुमची भीती मात्र मी झटकून टाकणार नाही. चावले गेलेल्या मुलीच्या आईला ‘समजून घ्या’ एवढेच सांगणे अन्यायाचे आहे. मुलांना सुरक्षित ठेवणे ही डे-केअरची जबाबदारी आहे आणि त्याविषयी प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. फक्त प्रश्न मुलाविषयी न विचारता व्यवस्थेविषयी विचारा.

चावणे हे दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या कोणत्याही खोलीत घडते. शब्द अपुरे पडले की दात पुढे येतात. स्वमग्न मुलाला शब्द उशिरा येतात, शिवाय आवाज आणि स्पर्श त्याला आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र जाणवू शकतात, म्हणून ती अवस्था लांबते. डे-केअरच्या प्रमुखांना भेटून विचारा : ज्या दिवशी तो चावला त्याच्या आधीची पाच मिनिटे काय चालले होते? मिक्सर लागला होता का, खेळ अचानक बंद केला होता का, दारातल्या रांगेत दाटी झाली होती का? याची नोंद ठेवली जाते का? एका ठिकाणी अशी नोंद पंधरा दिवस ठेवल्यावर लक्षात आले की ओरडणे आणि ढकलणे जवळजवळ रोज बूट घालण्याच्या वेळी होत होते, कारण तेव्हा सगळी मुले एका अरुंद पॅसेजमध्ये कोंबली जात. मुलांना चार-चारच्या गटाने बाहेर काढायला सुरुवात केली आणि धक्काबुक्की कमी झाली. ती इतर मुलांचीही कमी झाली.

दिवसाचा क्रम भिंतीवर फोटो लावून दाखवणे ही आणखी एक साधी सोय आहे. डबा, अंगण, गोष्ट, झोप अशी चित्रे ओळीने लावायची आणि एक गोष्ट संपली की ते चित्र उलटे करायचे. स्वमग्न मुलाला पुढे काय होणार हे कळल्यामुळे तो शांत राहतो आणि तुमच्या मुलासारखी मुले दर दहा मिनिटांनी “आई कधी येणार?” विचारायची थांबतात.

मागे पडण्याविषयी सांगायचे तर, अशा मिश्र वर्गांचा अनेक देशांत अभ्यास झालेला आहे आणि त्यांत इतर मुलांच्या वाढीचे नुकसान झाल्याचे सर्वसाधारणपणे दिसलेले नाही. अनुकरण तुमचा मुलगा करेलच. चार वर्षांची मुले सगळ्यांचेच अनुकरण करतात. तो घरी येऊन तसे ओरडला तर रागावू नका. “त्याला आवाज सहन होत नाही म्हणून तो ओरडतो, तुला काय हवे ते तू शब्दांनी सांगू शकतोस,” असे सरळ सांगा. मुलांना खरे कारण सांगितले की पुरते. ‘बिचारा’ हा शब्द मात्र घरात वापरू नका, कारण ज्याला आपण बिचारा म्हणतो त्याच्याशी मूल खेळत नाही.

आणि जमल्यास त्या मुलाच्या आईला एकदा फोन करा. ग्रुपवरचे सगळे संदेश तिनेही वाचले असतील.

प्रश्न : ताई, हे पत्र शेजारच्या मुलीकडून लिहून घेतले आहे. माझा नातू साडेतीन वर्षांचा आहे. सातव्या महिन्यात जन्मला. डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी सांगितले. पाय ताठ आहेत, आधाराशिवाय बसता येत नाही, पण सगळे समजते, गाणी म्हणतो. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेली आहेत. मला रोजगाराला जावे लागते. गावात पाळणाघर नाही, अंगणवाडी आहे. सेविका म्हणते, “त्याला बसता येत नाही, त्याचा खाऊ मी घरी पाठवते.” खाऊ येतो, पण पोरगे दिवसभर खाटेवर असते.
— एक आजी, जत तालुका, जिल्हा सांगली

उत्तर : आजी, तुमच्या नातवाला खाऊबरोबर अंगणवाडीतली जागाही मिळायला हवी. ती मागण्याचा त्याला हक्क आहे आणि सरकारनेच तसे सांगितलेले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली. मुलांमधले दिव्यांगत्व लवकर ओळखणे, त्यांना अंगणवाडीत सामावून घेणे, कुटुंबाला बळ देणे आणि पुढच्या उपचारांसाठी पाठवणे, ही कामे तीत आहेत. सेविकेशी भांडण न करता आधी हे तिच्या कानावर घाला, कारण पुष्कळदा नकारामागे ‘मूल पडले तर माझ्यावर येईल’ ही भीती असते. तिने ऐकले नाही तर पर्यवेक्षिकांना भेटा आणि तिथेही काम झाले नाही तर तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या.

बसण्याची अडचण सुटण्यासारखी आहे. गावातल्या सुताराकडून कोपऱ्याची बैठक करून घ्या : पाठीला दोन फळ्या काटकोनात, म्हणजे खांदे मागे ढळत नाहीत. दोन मांड्यांच्या मध्ये एक छोटा गोल ठोकळा जुन्या चादरीने गुंडाळून बसवायचा, म्हणजे पाय कैचीसारखे एकमेकांत अडकत नाहीत. समोर कोपराच्या उंचीची एक फळी, म्हणजे हात टेकून खेळता येते. मापे फिजिओथेरपिस्टकडून घ्यावीत. अशा बैठकीत तो इतर मुलांच्या बरोबरीने, त्यांच्याच उंचीवर, सतरंजीवर बसू शकेल. भरवताना त्याला कधीही आडवे ठेवू नये. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली आणि चमचा समोरून, वरून नव्हे. पातळ पदार्थाने ठसका लागत असेल तर वरण-भात मऊ कालवून द्यावा. हे सेविकेला आणि मदतनीस ताईंना तुम्ही स्वतः करून दाखवा, कारण हे काम तुमच्याइतके कोणालाच येत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोन वेळा येते. ते येईल त्या दिवशी नातवाला तिथे नेऊन जरूर दाखवा आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे अशा मुलांची लहानपणीच तपासणी आणि उपचार होतात तिथे, पाठवण्यासाठी चिठ्ठी मागा. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे सरकारी ओळखपत्र) काढलेले नसेल, तर तेही त्याच फेऱ्यांत मार्गी लावा.

हा बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्याच भागात, बोर्डीला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बालशिक्षणाचे काम केले. पाड्यावरची मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे पाहिल्यावर त्या पाड्यावर गेल्या आणि तिथल्या अंगणात त्यांनी वर्ग भरवला. अंगणवाडी ही कल्पना त्यातून आली. म्हणून ‘मुलाला बसता येत नाही’ हे कारण अंगणवाडीच्या दारात मला फार टोचते. केंद्र सरकारच्या पाळणा योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीलाच जोडून दिवसभराचे पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे. ज्या गावांतून ऊसतोडीसाठी माणसे बाहेर पडतात तिथे त्याची गरज सर्वांत मोठी आहे, आणि ग्रामसभेत ही मागणी तुमच्यासारख्या चार आज्यांनी मिळून मांडली तर तिचे वजन वाढेल.

प्रश्न : माझ्या तीन वर्षांच्या मुलीला दोन्ही कानांत श्रवणयंत्रे बसवून पाच महिने झाले. पाळणाघरातल्या ताई प्रेमळ आहेत, पण यंत्रे हरवतील या भीतीने ती सकाळीच काढून डबीत ठेवतात आणि मी न्यायला गेले की परत लावतात. कसे सांगावे?
— एक आई, चिपळूण

उत्तर : त्यांचा हेतू चांगला असला तरी मुलीचे नुकसान मोठे होत आहे, म्हणून हे उद्याच थांबवा. भाषा याच वर्षांत कानावाटे आत जाते. यंत्र झोप आणि आंघोळ सोडून सर्व वेळ कानात हवे. हरवू नये म्हणून यंत्राला दोरी बांधून तिची क्लिप फ्रॉकच्या पाठीला लावता येते.

ताईंना रोज सकाळी एक मिनिटाचा खेळ शिकवा. मुलीच्या मागे बसून, तोंड दिसू न देता, ‘म’, ‘ऊ’, ‘आ’, ‘ई’, ‘श’, ‘स’ हे सहा आवाज नेहमीच्या बोलण्याच्या पट्टीत काढायचे आणि प्रत्येक आवाजाला तिने डब्यात एक मणी टाकायचा. हे आवाज बोलण्यातल्या खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सगळे टप्पे व्यापतात. रोज ऐकणारी मुलगी एखाद्या दिवशी ‘स’ला मणी टाकत नसेल, तर बॅटरी, नळी किंवा कानातला मळ तपासायचा. हा खेळ सगळ्याच मुलांना आवडतो, रांग लागते. कोकणातल्या पावसात यंत्र रात्री ओलावा शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत ठेवावे. बॅटरीचे झाकण कुलपाचे घ्यावे, आणि कोणत्याही मुलाने ती बटणासारखी बॅटरी गिळल्याचा संशय आला तरी वाट न पाहता रुग्णालयात जावे, हे ताईंना लिहून द्या.

प्रश्न : एका पाळणाघराने ‘आम्ही अशी मुले घेत नाही’ असे तोंडावर सांगितले. याविरुद्ध कायदा आहे का? माझ्या कंपनीच्या पाळणाघरालाही तो लागू होतो का?
— एक आई, मुलुंड

उत्तर : २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे आणि शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शैक्षणिक संस्थांवर भेदभाव न करता प्रवेश देण्याचे व गरजेनुसार सोयी करण्याचे बंधन घातले आहे. घरगुती पाळणाघरे बहुधा अशा मान्यतेत येत नाहीत, म्हणून तिथे कायद्याचा हात तोकडा पडतो. मान्यताप्राप्त संस्थेने नकार दिला असेल तर नकार लेखी मागा आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे.

कंपनीच्या बाबतीत तुमची बाजू अधिक भक्कम आहे. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली आणि तीच तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. ही सोय कर्मचाऱ्याच्या मुलासाठी आहे, आणि तुमचे मूल त्यातून वगळता येईल असे त्यात कुठे म्हटलेले नाही. मनुष्यबळ विभागाला ईमेलने विचारा की माझ्या मुलाला अमुक दोन सोयी लागतील, त्या कोणत्या तारखेपर्यंत होतील. नेमकी मागणी केली की नकार देणे अवघड जाते.

प्रश्न : मी बारा वर्षे घरी पाळणाघर चालवते. सध्या दहा मुले आहेत. एक आई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. त्याला फिट येतात, औषध चालू आहे, गेल्या सहा महिन्यांत दोनदा फिट आली. तिला नोकरी सोडावी लागेल म्हणून ती रडली. मला त्याला घ्यावेसे वाटते, पण माझ्यासमोर काही झाले तर? मी डॉक्टर नाही.
— पाळणाघर चालवणाऱ्या एक ताई, डोंबिवली

उत्तर : ताई, तुम्ही भीती मोकळेपणाने लिहिलीत, हे मला फार मोलाचे वाटते. आधी एक गोष्ट लक्षात घ्या. सहा महिने ते पाच वर्षे या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. बारा वर्षांत तुमच्या हाताखालून गेलेल्या मुलांची संख्या पाहता, फिट आल्यावर काय करायचे हे तुम्हाला माहीत असणे कोणत्याही परिस्थितीत गरजेचेच होते. हा मुलगा आला तर ते तुम्ही शिकाल आणि त्याचा उपयोग दहाही मुलांना होईल.

करायचे ते थोडके आहे. घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवा. मुलाला जमिनीवर कुशीवर वळवा, डोक्याखाली दुमडलेला टॉवेल ठेवा, गळ्याजवळचे बटण सोडा, आसपासच्या कठीण वस्तू बाजूला करा. दातांत चमचा घालू नका, तोंडात पाणी घालू नका, हातपाय दाबून धरू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. बहुतेक फिट पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात. त्याहून लांबली, थांबून लगेच दुसरी सुरू झाली किंवा श्वासाला त्रास दिसला, तर १०८ ला फोन करा. काही मुलांना डॉक्टर नाकात फवारायचे औषध देतात. तसे असेल तर ते केव्हा आणि किती द्यायचे, हे डॉक्टरांच्या सहीच्या कागदावर घ्या, तोंडी सांगण्यावर विसंबू नका. फिटनंतर मूल गाढ झोपते, झोपू द्या, पण एकटे सोडू नका.

दुसरी मुले घाबरतील. त्यांना मावशींनी दुसऱ्या खोलीत नेऊन गोष्ट सांगावी आणि नंतर तुम्ही साध्या शब्दांत सांगावे की त्याच्या मेंदूत थोडा वेळ गडबड झाली होती, आता तो झोपला आहे, उठला की खेळेल. इतर पालकांना किती सांगायचे हे त्या मुलाच्या आईने ठरवावे, तिच्या परवानगीशिवाय सांगू नका. औषधाची एकही मात्रा चुकू नये, म्हणून सकाळची मात्रा दिल्याचे तिने रोज वहीत लिहून सही करावी, आणि दुपारची असेल तर तुम्ही करावी. उंच घसरगुंडी आणि पाण्याचा टब या दोन ठिकाणी त्याच्यासोबत हाताच्या अंतरावर कोणीतरी हवे. बाकी सगळे खेळ त्याला खेळू द्या.

हो म्हणण्याआधी महिनाभराचा करार दोघींनी लिहून काढा, म्हणजे जमले नाही तर कोणावर ठपका राहणार नाही. आणि त्या आईच्या मोबाइलवर पूर्वीच्या फिटचा व्हिडिओ बहुधा असेल, कारण डॉक्टर तो काढायला सांगतात. तो एकदा शेवटपर्यंत पाहा, म्हणजे प्रत्यक्षात काय दिसते ते कळेल आणि भीती पुष्कळ कमी होईल. पाहताना मदतनीस मावशींनाही शेजारी बसवा, कारण तुम्ही भाजी आणायला खाली उतरलेल्या असाल तेव्हा घरात त्याच असणार आहेत.